यजमानाच्या उजव्या हाताला

चीनमध्ये नोकरीला निघालेल्या युरोपीय किंवा अमेरिकी माणसाच्या सामानात एखादं छोटेखानी मार्गदर्शक पुस्तक बहुधा असतंच. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, दोन्ही हातांनी घ्यावं, न वाचता खिशात कोंबू नये. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नयेत. मेलेल्या माणसासमोर लावलेल्या उदबत्त्यांची आठवण होते. पेले भिडवताना आपल्या पेल्याची कड वडीलधाऱ्याच्या पेल्याहून थोडी खाली असावी. आणि घड्याळ तर कुणालाही भेट देऊ नये, कारण चिनी भाषेत ‘घड्याळ देणं’ आणि ‘अखेरचा निरोप द्यायला जाणं’ हे दोन्ही शब्दप्रयोग कानाला एकच लागतात. यातलं काहीही खोटं नाही. पण या पुस्तकांच्या मुळाशी एक समजूत आहे: परक्या देशात रुळणं म्हणजे तिथली रीतभात पाठ करणं, आणि ते जमतं की नाही हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. चीनमधल्या पाश्चात्त्यांचा जवळजवळ साडेचारशे वर्षांचा इतिहास या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही. परका माणूस कितपत जुळवून घेतो हे त्याचं यजमानावाचून किती अडलं आहे यावर ठरतं, असं तो सांगतो. आपल्याकडे याला ‘अडला हरी’ म्हणतात. म्हणीचा उरलेला अर्धा भाग इथे गैरलागू आहे, तो सोडून देऊ. जिथे काही अडलं नाही तिथे आयुष्य काढूनही पाश्चात्त्यांना चिनीतली दोन वाक्यं बोलता आली नाहीत, आणि जिथे अडलं तिथे त्यांनी नाव, कपडे आणि भाषा, तिन्ही बदलली.

असं सगळं बदलणाऱ्यांतला पहिला मोठा माणूस गोव्यावरून गेला. मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यात उतरला, तिथे शिकला, शिकवू लागला, कोचीनला पाद्री झाला आणि १५८२ मध्ये मकावला पोहोचला. गोव्यात त्याच्या संघामागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. साष्टी-बारदेशातली देवळं पाडून झाली होती, इन्क्विझिशन येऊन अठरा वर्षं होत आली होती. बदलायचं ते स्थानिकांनी, अशी तिथली रीत. चीनमध्ये मात्र मिंग राजवटीच्या एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने भुवई उंचावली तरी या लोकांना गाशा गुंडाळावा लागे. रिची आणि त्याच्या सोबत्याने आधी बौद्ध भिक्षूंसारखं मुंडण केलं, तसेच कपडे घातले. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की सुशिक्षित अधिकारीवर्ग भिक्षूंना फारसं मोजत नाही. आपण मोठ्या कष्टाने चुकीच्या पंगतीत जाऊन बसलो आहोत. १५९५ मध्ये रिचीने केस-दाढी वाढवली, रेशमी झगा घातला आणि कन्फ्यूशियन विद्वानाच्या वेषात वावरू लागला. त्याच वर्षी त्याने चिनी भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. ते धर्मावर नव्हतं, मैत्रीवर होतं. १६०१ मध्ये तो पेकिंगला पोहोचला तेव्हा सम्राट वानलीसाठी त्याने नेलेल्या नजराण्यात आपोआप टोले देणारी घड्याळं होती. आजच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या हिशेबाने याहून अपशकुनी भेट दुसरी नाही. सम्राट खूश झाला, दरबारातल्या लोकांना किल्ली द्यायला शिकवावं लागलं, आणि बिघडलेलं घड्याळ दुरुस्त करायला माणूस हवा म्हणून या परदेशी लोकांचा राजधानीत राहण्याचा प्रश्नही सुटला. पुढे श्यू ग्वांगछी या विद्वान अधिकाऱ्याबरोबर त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणले. रीतभात तो शिकलाच. पण त्याला तारलं ते चिनी माणसांच्या दृष्टीने आपली जागा कुठली, या प्रश्नाचं उत्तर वेळेत सापडल्याने.

इथे एक आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येईलच. रिची गोव्यात असतानाच, १५७९ मध्ये, तिथे थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट उतरला होता. त्याच्यामागे तर तीच पोर्तुगीज सत्ता होती, तरी त्याने मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. मग स्वभाव, आवड, प्रतिभा यांना काहीच किंमत नाही का? आहे. पण स्टीफन्स मराठी शिकला नसता तरी त्याला गोव्यातून कुणी हाकललं नसतं. तो अपवाद म्हणून आपल्या लक्षात राहिला. चीनमध्ये गेलेल्या जेझुइटांना मात्र चिनी शिकणं हा नियमच करावा लागला, आणि नियम कशामुळे होतो हा इथला प्रश्न आहे.

रिचीच्या वाटेची खरी परीक्षा त्याच्या मागे झाली. चिनी ख्रिस्ती माणसाने पूर्वजांच्या पाटीसमोर धूप लावावा का, कन्फ्यूशियसला वंदन करावं का? रिचीचं मत होतं की हा मानाचा भाग आहे, मूर्तिपूजा नव्हे. नंतर आलेल्या इतर पंथांच्या मिशनऱ्यांना ते पटलं नाही, आणि तक्रार रोमला गेली. १७०६ मध्ये कांगशी सम्राटाने फर्मान काढलं की ज्या मिशनऱ्याला चीनमध्ये राहायचं असेल त्याने ‘ली मादोउ’च्या, म्हणजे रिचीच्या, रीतीने वागण्याचं आणि युरोपात परत न जाण्याचं वचन देऊन परवाना घ्यावा. वर्क परमिटच म्हणायचं. १७१५ मध्ये पोपने नेमकी तीच रीत निषिद्ध ठरवली. पेकिंगमध्ये वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांना हजारो मैलांवरून, चीन कधी न पाहिलेल्या मुख्य कार्यालयाने सांगितलं की तुम्ही फार बिघडलात. पुढच्या काही वर्षांत प्रचारावर बंदी आली, आणि रोमने आपली भूमिका सैल केली ती थेट १९३९ मध्ये. चीनमधल्या परदेशी व्यवस्थापकाला दोन आघाड्यांवर जुळवून घ्यावं लागतं, एक समोरची आणि एक घरची. त्यातली दुसरी अधिक चिवट असते, हे तेव्हापासून दिसतं आहे.

गरज असली की माणूस शिकतो, इतकं सोपंही हे नाही. यजमानाने शिकू दिलं पाहिजे. १७५७ नंतर छिंग राजवटीने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरात कोंडला. परदेशी व्यापाऱ्यांनी शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींत राहायचं. बायकांना आणायचं नाही. हंगाम संपला की मकावला निघून जायचं. आणि व्यवहार फक्त परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळाशी करायचा. परदेशी माणसाला चिनी शिकवणं हा गुन्हा होता. ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट चिनी शिकला आणि १७५९ मध्ये कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार घेऊन थेट उत्तरेला गेला. त्याला तीन वर्षं मकावला कैदेत ठेवलं. ज्या चिनी माणसाने त्याला अर्ज लिहून दिला त्याचं डोकं उडवलं. या वखारींत मुंबईचे पारशीही होते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आला, आणि त्यातलाच काही आज आपल्याला जे. जे. रुग्णालयाच्या रूपाने माहीत आहे. या कोंडलेल्या काठावर जी भाषा तयार झाली ती पिजिन: शब्द इंग्रजी, घडण चिनी. ‘पिजिन’ हा शब्दच ‘बिझनेस’च्या चिनी उच्चारातून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. धंद्यापुरती भाषा, धंद्यापुरती ओळख. त्यापलीकडे जायला दोन्हीकडून मज्जाव होता.

पहिल्या अफू युद्धानंतर, १८४२ च्या नानकिंग करारात, पारडं फिरलं. पाच बंदरं खुली झाली, परदेशी नागरिकांवर लवकरच त्यांच्याच देशाचा कायदा चालू लागला, शांघायमध्ये त्यांची स्वतःची वस्ती, स्वतःची नगरपालिका आणि स्वतःचे पोलीस आले. आता शिकायला बंदी नव्हती. तरी ब्रिटिश व्यापारी शिकला नाही, कारण त्याचं काही अडत नव्हतं. त्याच्यासाठी जुळवून घेण्याचं काम पगारी माणूस करत होता, त्याला ‘कॉम्प्रॅडोर’ म्हणत. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ खरेदी करणारा. माल कुणाकडून घ्यायचा, कुणाची पत किती, कुठल्या अधिकाऱ्याला कधी भेटायचं, नोकर कोण ठेवायचा, सगळं तो बघे आणि हमीही तोच देई. साहेब संध्याकाळी क्लबात जाई. शांघाय क्लबचा बार पुढे शंभर फुटांहून लांब झाला, पण त्या बारवर चिनी सभासद नव्हता. या सोयीची किंमत नंतर कळली. जार्डिन मॅथेसन या बड्या पेढीचा कॉम्प्रॅडोर थांग थिंगशू याने दहा वर्षं साहेबाचा धंदा आतून पाहिला आणि १८७३ मध्ये तो चिनी सरकारच्या पाठबळावर निघालेल्या जहाज कंपनीचा प्रमुख झाला. चारच वर्षांत त्या कंपनीने एका अमेरिकी पेढीचा अख्खा जहाजांचा ताफा विकत घेतला. साहेबाला चीन शिकायची गरज पडली नाही. त्याच्या माणसाला साहेबाचा धंदा शिकायची पडली.

याच काळात, याच बंदरांत, दुसऱ्या प्रकारचे पाश्चात्त्यही होते. चीनच्या सागरी जकात खात्याचा प्रमुख १८६३ पासून पुढची चार दशकं आणि वर आयर्लंडच्या उत्तर भागातला रॉबर्ट हार्ट हा माणूस होता. खात्यातले वरचे अधिकारी बहुतेक परदेशी, पण मालक छिंग सरकार. हार्टने आपल्या कचेरीतल्या परदेशी अधिकाऱ्यांना चिनी शिकणं बंधनकारक केलं, आणि तुम्ही चिनी सरकारचे नोकर आहात हे परिपत्रकांतून बजावलं. तेच शहर, तोच काळ, एकाच गावाहून आलेले दोन भाऊसुद्धा असू शकतील. एक पेढीत, एक जकातीत. पेढीतल्याला चिनी येत नाही, जकातीतल्याला येतं. स्वभावाने याचं उत्तर देता येत नाही. पगार कोण देतो याने देता येतं.

मग जो शिकायला बसतो त्याला नेमकं काय शिकायचं असतं? इथे हमखास ‘ग्वानशी’ हा शब्द पुढे येतो. पाश्चात्त्य पुस्तकं त्याचं भाषांतर ‘संबंध’ किंवा ‘नेटवर्क’ असं करतात. मराठी माणूस चटकन ‘वशिला’ म्हणेल. दोन्ही अपुरं. वशिला एका कामापुरता लागतो आणि लावणारा ते लपवतो. लंडनमध्ये शिकून आलेले चिनी समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथोंग यांनी १९४० च्या दशकात याला एक चांगली उपमा दिली. पाश्चात्त्य समाज पेंढ्यांसारखा आहे, ते म्हणतात: प्रत्येक काडी कुठल्या ना कुठल्या पेंढीत बांधलेली, आणि एका पेंढीतल्या सगळ्या काड्यांना एकच नियम. चिनी समाज पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखा: मध्ये मी, भोवती घर, मग नातलग, गाववाले, सहाध्यायी, आणि जसजसा तरंग लांब तसतसं कर्तव्य पातळ. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवणारा काका आणि चिनी लग्नात दाराशी बसून लाल पाकिटातली रक्कम वहीत उतरवणारा नातलग यांच्यात फरक फक्त वहीच्या रंगाचा आहे. वही हिशेब चुकता करण्यासाठी नसतेच. हिशेब कधी पूर्ण चुकता होऊ नये यासाठी असते. तुम्ही पाचशे दिले, मी सहाशे देतो, वरचे शंभर आता तुमच्या डोक्यावर. पाश्चात्त्य व्यवस्थापक पडतो तो इथेच. मदत झाली की तो आभार मानतो, त्याच आठवड्यात बरोबरीची भेटवस्तू पाठवतो आणि मोकळा होतो. समोरच्याला वाटतं, याने खातं बंद केलं.

‘मियेन्झ’ म्हणजे अब्रू, तोंड, मानपान, याचंही असंच. शांतुंगच्या खेड्यांत दशकं काढलेल्या आर्थर स्मिथ या अमेरिकी मिशनऱ्याने १८९४ च्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच यावर लिहिलं, आणि ते त्याला चिनी माणसाची नाटकी खोड वाटली. लू शुन यांच्यासारख्या कठोर चिनी लेखकाला ते पुस्तक चिनी वाचकांनी वाचावं असं वाटे, म्हणजे निरीक्षण अगदीच चुकलेलं नव्हतं. पण स्मिथ प्रेक्षकाच्या खुर्चीत बसला होता. करारावर सही व्हायची असते तेव्हा ही खोड नसते, ती माहिती असते. ‘नाही’ हा शब्द चारचौघांत उच्चारला की दोघांचंही तोंड जातं, म्हणून तो दुसऱ्या वेषात येतो: ‘जरा सोयीचं नाही’, ‘अभ्यास करून बघतो’. हे दुसरं वाक्य, ‘यानज्यू यानज्यू’, यावर चिनी लोकांचाच जुना विनोद आहे. थोडा स्वर बदलला की त्याचा अर्थ ‘तंबाखू आणि दारू’ होतो. म्हणजे साहेब अभ्यास कशाचा करणार ते ओळखा. मराठीतलं ‘बघू’ ज्याला कळतं त्याला हे शिकवावं लागणार नाही.

१९७९ च्या जुलैमध्ये चीनने परदेशी भांडवलाबरोबरच्या संयुक्त कंपन्यांचा कायदा केला आणि पाश्चात्त्य माणूस पुन्हा रिचीच्या जागी आला: दार उघडं, पण आपल्या हातात काही नाही. पेकिंगमध्ये तो हॉटेलात राहायचा, परदेशी लोकांसाठीच छापलेल्या वेगळ्या नोटा खर्च करायचा. त्या काळची सगळ्यांत गाजलेली भागीदारी म्हणजे अमेरिकन मोटर्स आणि पेकिंगच्या सरकारी मोटार कारखान्याची ‘बीजिंग जीप’. वाटाघाटी चार वर्षं चालल्या, करार १९८३ च्या मे महिन्यात झाला, अमेरिकी वाटा सुमारे ३१ टक्के. दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर सही केली आणि दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या. चिनी बाजूला सैन्यासाठी, सैनिकांना झटकन उड्या मारून उतरता येईल अशी नवी जीप हवी होती. अमेरिकनांना आपल्या चेरोकी गाड्यांचे सुटे भाग पाठवून इथे जोडायचे होते. अखेर चेरोकी आली, पण सुट्या भागांचे पैसे डॉलरमध्ये चुकवायचे तर डॉलर आणायचे कुठून? १९८६ मध्ये काम ठप्प झालं. तेव्हा अमेरिकनांनी जे केलं ते कुठल्याही शिष्टाचाराच्या पुस्तकात नाही: त्यांनी पंतप्रधानांपर्यंत पत्र पोहोचवलं आणि भांडण वर्तमानपत्रांत येऊ दिलं. सगळ्या जगाला दाखवण्यासाठी उभी केलेली भागीदारी बुडाली असती तर अब्रू चीनच्या खुल्या धोरणाची गेली असती. सरकारने परकीय चलनाची सोय गुपचूप करून दिली. इतर कंपन्यांनीही हात पुढे करू नयेत म्हणून गुपचूप. शत्रूसारखं वागून अमेरिकनांना हवं ते मिळालं असं याचं वर्णन करतात. मला वाटतं उलट आहे. चार-पाच वर्षं तिथे घासल्यावर कुणाचं तोंड कशात अडकलं आहे हे त्यांना पहिल्यांदा नीट वाचता आलं.

वाचता आलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण फ्रेंच कंपनी दानोन. १९९६ मध्ये तिने हांगचौच्या वाहाहा या पेयकंपनीबरोबर भागीदारी केली. पुढे तिच्याकडे ५१ टक्के आले. बहुमत आपलं, करार आपल्या बाजूचा, म्हणून रोजचा कारभार संस्थापक जोंग छिंगहौ यांच्यावर सोपवून मंडळी निर्धास्त राहिली. २००७ मध्ये दानोनने आरोप केला की जोंग त्याच नावाने समांतर कारखाने चालवत आहेत. जोंग यांनी जाहीर पत्रं लिहिली, कामगार आणि विक्रेते त्यांच्यामागे उभे राहिले. आणि वाहाहा हे नाव भागीदारीकडे हस्तांतरित करायला सरकारी ट्रेडमार्क कचेरीने मंजुरीच दिली नव्हती, हा मुद्दा निर्णायक ठरला. २००९ मध्ये दानोनने आपला ५१ टक्के वाटा विकून पाय काढला. कॉम्प्रॅडोरवर विसंबलेल्या शांघायच्या साहेबाची ही एकविसाव्या शतकातली आवृत्ती, फरक इतकाच की पाठीशी आता युद्धनौका नव्हती. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेची कथा थोडक्यात सांगता येते. चिनी ग्राहकाला अनोळखी विक्रेत्याकडून घेण्याआधी त्याच्याशी बोलायचं होतं, घासाघीस करायची होती. कमिशन बुडेल या भीतीने ईबेने थेट गप्पांना वाव दिला नाही. अलीबाबाच्या ताओबाओने गप्पांची खिडकीच दिली आणि माल हाती पडेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे ठेवायची सोय केली. ताओबाओ फुकट होतं, हेही विसरता कामा नये. २००६ च्या अखेरीस ईबेने गाशा गुंडाळला. याउलट १९८७ मध्ये छ्येनमनला पहिलं दुकान उघडणाऱ्या केएफसीने चीनचा कारभार तैवानमध्ये वाढलेल्या माणसांच्या हाती दिला, कोंबडीबरोबर भाताची पेज विकली आणि मुख्य कार्यालयाला फार बोलू दिलं नाही.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप असा: हे सगळं कायदा कच्चा असल्याची लक्षणं आहेत. कायदा पक्का होईल तसं ग्वानशी विरेल. डग गथ्री या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात शांघायच्या कारखान्यांतल्या व्यवस्थापकांशी बोलून नेमकं हेच मांडलं, आणि त्याचा पुरावा हलका नाही. शिवाय ‘इथली पद्धतच अशी’ म्हणत लाच देणाऱ्यांची गत काय होते तेही दिसलं: २०१४ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या ब्रिटिश औषध कंपनीला चिनी न्यायालयाने तीन अब्ज युआन दंड केला आणि तिच्या चीनमधल्या ब्रिटिश प्रमुखाची देशाबाहेर रवानगी झाली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या नव्या नियमांनी तर सरकारी मेजवान्यांचा थाट एकदम उतरवला, महागड्या मद्यांचे भाव कोसळले. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. संबंध म्हणजे लाच नव्हे, आणि ज्याला हा फरक कळत नाही त्याने चीनला जाऊच नये. पण कायदा वाढला म्हणून संबंध आटले असं होत नाही. ते कायद्याच्या आत शिरतात. मेफेअर यांग या अभ्यासिकेने गथ्रीला उत्तर देताना म्हटलं की ग्वानशी एका क्षेत्रातून मागे सरकतं आणि दुसऱ्यात, विशेषतः उद्योग आणि सरकार यांच्या सीमेवर, जोर धरतं. चिनी कंपनीचा लाल गोल शिक्का घ्या. करार, बँक, सरकारी अर्ज, सगळीकडे सहीपेक्षा शिक्क्याला वजन. हा शुद्ध कायदा आहे. २०२० मध्ये आर्म या ब्रिटिश चिप कंपनीच्या चिनी भागीदारीत संचालक मंडळाने मुख्याधिकाऱ्याला काढलं, पण शिक्का त्याच्याकडे होता, आणि तो जवळजवळ दोन वर्षं हलला नाही. शिक्क्याला वजन कायदा देतो. तो कुणाच्या कपाटात सुरक्षित राहील हे माणसं ओळखल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे ‘चिनी माणूस’ असा कुणी एक नसतोच. खरं आहे. शांतुंगच्या जेवणात बायज्यू या तीव्र दारूच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात, कँटनमध्ये चहावर कामाचं बोलून लोक मोकळे होतात, आणि शेन्झेनच्या तिशीतल्या इंजिनिअरला व्हिजिटिंग कार्ड कसं धरायचं हेच ठाऊक नसतं. तो मोबाइल पुढे करतो, वीचॅटचा कोड स्कॅन करतो. राष्ट्रीय स्वभावाचे तक्ते करणाऱ्यांना हे अडचणीचं जातं. आपल्या मुद्द्याला जात नाही, कारण वीचॅटवर लाल पाकिटं आली तेव्हा आहेराची वहीच मोबाइलमध्ये गेली. भाषेविषयी मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. यान सेल्मर यांनी चीनमधल्या पाश्चात्त्य नोकरदारांचा अभ्यास करून २००६ मध्ये दाखवलं की चिनी येणाऱ्यांचं रुळणं सर्वच बाबतींत बरं असतं. पण सर्वाधिक फायदा माणसांत मिसळण्यात, सर्वांत कमी कामाच्या ठिकाणी. म्हणजे नुसत्या कंपनीच्या नफ्याकडे बघून भाषा शिकायला लावणाऱ्याची निराशा ठरलेली.

आणि आता तर तो नोकरदारच कमी होतो आहे. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये सुमारे साडेआठ लाख परदेशी मोजले गेले, त्याच्या दहा वर्षं आधी सहा लाखांच्या आत होते. पण त्यांत शेजारच्या आशियाई देशांचेही बरेच. २०२२ च्या वसंतात शांघाय दोन महिने बंद राहिलं आणि पाश्चात्त्य कुटुंबांनी मोठ्या संख्येने परतीची तिकिटं काढली. कंपन्यांना त्यांची उणीव फार भासली नाही. परदेशी पदवी घेतलेले चिनी व्यवस्थापक तयारच होते.

राहतो शेवटचा आक्षेप, आणि तो जिव्हारी लागणारा आहे: कितीही करा, परका तो परकाच, मग हा खटाटोप कशाला? मेजवानीची खोली बघा. गोल टेबल, मधोमध फिरती तबकडी. दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीवर यजमान, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, आणि थेट समोर, दाराकडे पाठ करून, बिल देणारा आणि पदार्थांचा क्रम सांभाळणारा दुय्यम यजमान. परदेशी माणसाला उजव्या हाताची खुर्ची मिळते. मानाची, सगळ्यांच्या नजरेतली, आणि कधीही यजमानाची न होणारी. अनेकांना हा दुरावा खुपतो. पण खुर्ची ही खुर्चीच असते. तिला कर्तव्यं असतात, हक्क असतात, तिच्यावरून बोललेलं ऐकलं जातं. मार्क रॉसवेल हा कॅनडाचा विद्यार्थी १९८८ मध्ये चिनी टीव्हीवर ‘दाशान’ या नावाने झळकला आणि घराघरांत पोहोचला. उत्तम चिनी बोलणारे परदेशी त्याआधीही होते. त्याचं वेगळेपण हे की तो श्यांगशंग या विनोदी संवादकलेत ज्यांग खुन यांचा रीतसर शिष्य झाला, गुरुशिष्यांच्या वंशावळीत त्याला ठिकाण मिळालं. लोक त्याला चिनी समजले नाहीत. त्याचा गुरू कोण हे मात्र त्यांना सांगता येत होतं.

उजव्या हाताची खुर्ची सोडून यजमानाच्या रांगेत जाऊन बसण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न सिडनी रिटनबर्ग या अमेरिकनाने केला. स्टॅनफर्डला चिनी शिकून तो १९४५ मध्ये सैन्याबरोबर आला, येनानच्या गुहांमध्ये माओच्या माणसांबरोबर राहिला, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला, ली दुनबाय झाला. १९४९ मध्ये हेर म्हणून पकडला गेला, सहा वर्षं एकांतात राहिला, सुटल्यावर परत कामाला लागला. सांस्कृतिक क्रांतीत तो आधी व्यासपीठावर होता, १९६८ पासून पुन्हा कोठडीत. एकूण सोळा वर्षं. १९८० मध्ये तो बायको-मुलांसह अमेरिकेला परतला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर भांडवलशाहीविरुद्ध भाषणं केली त्याने अमेरिकी कंपन्यांना सल्ला देणारी पेढी काढली. पेकिंगमध्ये कुठल्या कचेरीत आधी जायचं, कुणाला दुखवायचं नाही, कुणाचा होकार खरा आणि कुणाचा सभ्यपणाचा, हे सांगण्याचे पैसे तो घेई. या कामासाठी त्याला पुन्हा चीनला जावं लागलं, पाहुणा म्हणून, आणि मग तो वर्षानुवर्षं जातच राहिला.